रातेलची मुडी

माळ्यावर मुडी नव्हती.

सुयोगने स्टुलावर चढून माळ्याच्या तोंडाशी होतं ते सगळं खाली घेतलं होतं. गणपतीचं मखर, बंद पडलेला कूलर, चादरीत गुंडाळलेली समई, प्रांजलच्या शाळेच्या वह्या. मागे नुसती भिंत उरली. तरी तो मोबाइलचा उजेड इकडेतिकडे फिरवत राहिला, कारण खाली पलंगावर त्याची आत्या नलिनी मान वर करून बसली होती आणि तिला 'नाही' म्हणायची त्याला अजिबात घाई नव्हती.

"गावली?" नलिनीने विचारलं.

"थांब ना आते, बघतोय."

"बघूक काय आसा त्यात? तीन पायली बियाण्याची मुडी ती. सुई न्हय."

सकाळी हेच घर केवढं खुशीत होतं. सुयोगची लेक प्रांजल काल सुट्टीवर आली ती एक पत्र घेऊन. दीड वर्षापासून ती सरकारी बियाणे बँकेत नोकरीला होती, आणि तिथल्या शीतगृहातल्या हजारो पाकिटांत तिला एक पाकीट सापडलं होतं: रातेल, खारजमिनीतला लाल भात, साल १९८८, देणाऱ्याचं नाव गुणाजी घाडी. म्हणजे तिचे आजोबा. चहाबरोबर पत्राचं जाहीर वाचन झालं. सुयोगने लगेच सेक्टरच्या मंडळाला फोन लावला. चारकोपात मंडळं कुणाचा तरी सत्कार करायला टपलेलीच असतात. अकरापर्यंत बॅनरचं डिझाइनसुद्धा मोबाइलवर आलं. 'बीजरक्षक गुणाजी घाडी', आणि मागे हिरवंगार शेत, कुठल्या देशातलं कोण जाणे. गुणाजींनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खुर्ची खिडकीशी ओढून घेतली.

पत्राचा दुसरा अर्धा भाग मात्र सत्काराचा नव्हता. उणे वीस अंशात ठेवलेलं बीसुद्धा अमरपट्टा घेऊन आलेलं नसतं. दर काही वर्षांनी त्यातले दाणे ओल्या कागदावर ठेवतात आणि किती रुजले ते मोजतात. रातेलचे पन्नास दाणे ठेवले, त्यातले एकोणीस रुजले. त्याच्या आधीच्या खेपेला एक्केचाळीस रुजले होते. बँक विचारत होती, हा भात तुमच्या शेतात अजून होतो का, आणि ताजं बी मिळेल का; सोबत भरून द्यायचा फॉर्म होता.

"होता का म्हणजे?" नलिनी तेव्हा उसळून म्हणाली होती. "हय माळ्यावर आसा. काढ रे सुयोग."

ती उसळणारच. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली नलिनी चाळीस वर्षं खाजणातलं ते शेत एकटी कसत होती. भरतीचं खारं पाणी ज्या जमिनीत मुरतं तिथे दुसरा भात पिवळा पडून मरतो, रातेल उभा राहतो. गावात बाकीच्यांनी आपापल्या खाजणात कोलंबीची तळी केली. नलिनीने केली नाहीत. दर वर्षी ती बियाण्याचा भात वेगळा काढायची, पेंढ्यात आवळून त्याची मुडी बांधायची आणि उंदीर पोचणार नाही अशी टांगायची. या जानेवारीत बांधावरून घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं. मुंबईला आणायला गाडी आली, तर मागच्या सीटवर एका अंगाला नलिनी आणि दुसऱ्या अंगाला मुडी. वेदनेनं तोंड पांढरं पडलं होतं, पण मुडीवरचा हात तिनं पनवेलपर्यंत काढला नव्हता.

आता मे संपत आला होता. गावात पेरणीची घाई सुरू व्हायची वेळ, आणि इथे सुयोग स्टुलावरून रिकाम्या हातानं उतरत होता.

"नाहीये, आते."

नलिनीनं मान स्वयंपाकघराकडे वळवली. तिथे सुयोगची बायको अनुपमा हात पुसत दारात आली होती.

"ह्या घरात माळो कोण साफ करता?"

अनुपमाला पुढचं सगळं तिथेच कळलं. सत्तावीस वर्षं या घरात काढल्यावर माणसाला नुसत्या मानेच्या वळण्यावरून कळतं. "मीच करते, आत्या. पण मुडी मी पाहिलीसुद्धा नाही."

"अनू, मार्चमध्ये तू भंगारवाल्याला बोलावलं होतंस ना?" सुयोग म्हणाला. "पेंढा दिसला असेल, कचरा समजून दिलं असशील. आठव जरा."

"मी जुना पंखा दिला होता, सुयोग. तूच उचलून दिलास."

"मग मुडी काय चालत गेली?"

"मला काय विचारतोस?"

खिडकीशी बसलेले गुणाजी खाकरले. सगळे त्यांच्याकडे वळले, कारण घरात अजून तरी शेवटचा शब्द त्यांचा असायचा. "असांदे," ते म्हणाले. "झाला ता झाला. तिका बोलान काय फायदो? तिच्या म्हायेरी खंय भात पिकता? बियाणा खयचा नि कचरो खयचो, तिका कसा कळतला?"

वाक्य गोड आवाजात होतं. म्हणूनच अनुपमाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं माहेर घाटकोपरचं. वडील प्रबुद्ध कांबळे, मूळचे सांगलीकडचे, बौद्ध. लग्नानंतर पहिली दोन वर्षं गुणाजी तिच्या हातचं पाणीही पीत नव्हते. पुढे प्रांजल झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि पाण्याबरोबर बाकीचंही सगळं तिच्या हातचं चालू लागलं. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. तीही बोलली नाही. पण 'तिच्या म्हायेरी' हे दोन शब्द आले की ती दोन वर्षं पुन्हा दारात येऊन उभी राहायची.

"बाबा, माझ्या माहेरी भात पिकत नाही," ती म्हणाली. "पण न विचारता दुसऱ्याची वस्तू फेकायची पद्धतही नाही."

"मम्मी, शांत हो," प्रांजल म्हणाली.

"का म्हणून? शांत व्हायचं ते मीच का प्रत्येक वेळी?" अनुपमा नलिनीसमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा पंधरा दिवस मी तिथे खुर्चीवर झोपले. थर्मासमधून पेज आणून चमच्या-चमच्यानं तुम्हाला पाजली. तुम्ही दुसरं काही तोंडात घेत नव्हता. तेव्हा माझं माहेर नाही आठवलं कुणाला."

नलिनी काहीतरी तोडून बोलणार होती. पण ती थांबली. "कसली पेज?"

"लाल तांदळाची. डबाभर होता घरात. बाबा म्हणाले, गावाहून धाकू टेम्पोवाल्याकडून आलाय."

"लाल तांदूळ." नलिनीने हळूच म्हटलं. हॉस्पिटलातले ते दिवस तिला धड आठवत नव्हते. औषधांची गुंगी होती, आणि त्या गुंगीत घरची चव आली होती. आपण मरायला टेकलो म्हणून आवस, आपली मेलेली आई, पेज घेऊन आली, असं तेव्हा तिला वाटलं होतं. "उकडो काय सुरय?"

"म्हणजे?" अनुपमाने विचारलं.

एवढं एकच विचारलं, आणि नलिनीला हवं ते उत्तर मिळालं. हिला उकडा तांदूळ आणि साधा तांदूळ यातला फरक माहीत नाही. रांधते ती दुकानातला, शिकली ती भाकरी.

"तुका भात उकडूक येता?"

"भात शिजवता येतो."

"शिजवचो न्हय गो. सालासकट उकडूचो. रातभर भिजत घालूचो, मगे वाफ देवची, साल फुटासर. जास्त झाली तर पीठ, कमी झाली तर गिरणीत तुकडे. मगे सावळेत सुकवचो."

"मी हे आयुष्यात कधी केलेलं नाही, आत्या. पाहिलेलंही नाही."

"ठावक आसा माका," नलिनी म्हणाली. आवाज आता खाली गेला होता, आणि प्रांजलला त्याची जास्त भीती वाटली. "ह्या घराण्यात ता आवशीन दोघांकाच शिकयल्यान. एक मी. मी हॉस्पिटलात होतंय, कमरेत सळी घालून." तिनं खिडकीकडे पाहिलं. "दादा."

गुणाजी बाहेर बघत होते. समोरच्या घराच्या ग्रिलवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या आणि गुणाजी त्या चादरींचा अभ्यास करत होते.

"दादा, माझ्या तोंडाकडे बघ."

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं खोटं किती वेळ धरायचं? गुणाजींना त्या क्षणी खरं तर सुटल्यासारखंच वाटलं, आणि त्याचाच त्यांना राग आला.

"तुझ्यासाठी केलंय," ते एकदम ओरडले. "तू मरूक टेकलंस! डॉक्टर म्हणता, म्हातारी काय खायना. ही दोघा हॉस्पिटलात, मी घरात एकलो. काय करूचा होता मी? मुडी सोडलंय, दोन ओंजळी काढूक. तुझ्यासाठी! ती पेज पिवान तू उठान बसलंस का नाय?"

"बाबा?" सुयोग म्हणाला. "तुम्ही? आणि मघापासून अनूला..."

"तू गप ऱ्हव."

"दोन ओंजळी माझ्यासाठी," नलिनी म्हणाली. "बरा. आणि बाकीचो? तीन पायली भात होतो, दादा."

गुणाजी पुन्हा चादरींकडे वळले. उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुडी सोडली तेव्हा जो वास आला त्यानं त्यांचं डोकंच फिरलं होतं. सतराव्या वर्षी ते मुंबईला आले. गिरणी, खानावळ, रेशनचा तांदूळ, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी, पुन्हा रेशनचा तांदूळ. गावाला गेलं की चार दिवस रातेलची पेज, की परत. ही एवढी मुडी आपल्या घरात, आपल्या हाताखाली, आणि विचारायला कुणी नाही. त्यांनी मोठ्या टोपात ती दोन हप्त्यांत उकडली, सोसायटीच्या गच्चीत शेडखाली वाळवली, धाकूकरवी गावच्या गिरणीतून भरडून आणली. एप्रिलपर्यंत रोज सकाळी, बहीण उठायच्या आत, वाटीभर पेज घेतली. वर लोणच्याची फोड. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि रोज शेवटच्या घोटाला त्यांना बहिणीची भीती वाटायची.

"बी खाल्लंस तू," नलिनी म्हणाली. "बंधारो फुटलो त्या सालात आवशीन आमका रानातली कणगा खणान उकडून घातल्यान. तीन म्हयने. धाकटो भाव गेलो त्याच सालात. मुडी डोक्यार टांगलेली होती, दादा. आवशीन तिका हात लावूक नाय."

प्रांजलला धाकट्या भावाची गोष्ट माहीतच नव्हती.

"आणि तुका आठवता?" नलिनीचा आवाज आता चढत गेला. "तो बियाण्यांचो सायब इल्लो तेव्हा. मी त्येका दोन ओंजळी रातेल दिलंय. तू गणपतीक इलंस, कोणी तरी तुझ्या कानार घातला. घरचा बी सरकाराक दिलंस म्हणान तू आख्ख्या वाडीसमोर माझ्या थोबाडात मारलंस. विधवा भयणीच्या. सहा वर्सा माझ्या हातचा जेवलंस नाय. त्याच दोन ओंजळी आज जगात शिल्लक आसत. माझ्या."

"एक मिनिट, नलूआजी," प्रांजल म्हणाली. "बी तू दिलंस? मग नोंदीत आजोबांचं नाव कसं?"

"सायबान इचारल्यान, घरातलो कर्तो कोण? मी म्हटलंय, गुणाजी." नलिनी हसली, आणि ते हसू बघवेना. "दुसरा काय सांगतलंय? तेव्हा तसाच सांगीत."

सुयोगच्या खिशात फोन वाजायला लागला. मंडळाचा अध्यक्ष. बॅनर छापायला टाकू का, विचारत असणार. सुयोगने फोन कापला. बापाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही देणार होतं. गिरणीनं दिलं नाही, सरकारनं दिलं नाही. एक हार, एक शाल, तीही हातची जाणार. बायकोचा त्याला राग आला, आत्याचा आला, बापाचा तर सगळ्यात जास्त आला, आणि सवयीनं त्यानं त्यातला सोपा मार्ग धरला.

"ऐका," तो म्हणाला. "घरातलं घरात. प्रांजल, तो फॉर्म भरायचाय ना? त्यात काय विचारलंय?"

"भात आता शेतात आहे का. नसेल तर कारण."

"मग झालं तर. लिही, बंधारा फुटला, खारं पाणी शिरलं, पीक गेलं. कोकणात दर वर्षी कुणाचं तरी जातंच. बँकेकडे पाकीट आहे, त्यांचं ते बघतील. आजोबांचं नाव पण राहील, वाट पण नाही लागणार कुणाची."

"पप्पा, तुला कळतंय तू काय बोलतोयस?"

"काय चुकीचं बोललो? दोन ओळींचा प्रश्न आहे."

"दोन ओळींचा?" प्रांजल उभी राहिली. चोवीस वर्षांत बापाशी ती इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. "यंदा दहा भातं पुन्हा पेरून ताजी करायची आहेत. रांगेत चाळीस आहेत. जागा नाही, माणसं नाहीत. मग आधी कुणाला घेतात? ज्याच्यात काही खास आहे त्याला. रातेल खाऱ्या पाण्यात तगतो, एवढंच त्याचं खास आहे. आणि तू लिहिणार, खारं पाणी शिरलं आणि मेला! अरे, तो कागद वाचून कोण घेणार त्याला यंदा? ढकलतील मागे. आज पन्नासातले एकोणीस रुजतायत. अजून काही वर्षांनी शून्य. पाकीट असेल, नंबर असेल, आत मेलेले दाणे असतील. आजोबांनी मुडी संपवली. उरलेलं तू एका ओळीत संपवतोयस."

"दुसरीकडे कुठे नसेल का? तू सांगत होतीस ना, नॉर्वेला बर्फात बियाण्यांची तिजोरी आहे..."

"तिथे रातेल गेलेला नाही. दोन ओंजळीच तर होत्या. आत्ता सहाशे दाणे आहेत, पप्पा. संपूर्ण जगात."

सुयोग पलंगाच्या कडेवर बसला. सहाशे दाणे म्हणजे किती, त्यानं मनात अंदाज घेतला. चहाच्या कपाचा तळसुद्धा झाकला गेला नसता.

"फॉर्म कधी जायचाय?" अनुपमाने विचारलं.

"उद्या. उद्या यादी लागते. आणि सही देणाऱ्याचीच लागते. म्हणजे आजोबांची."

सगळ्यांनी पुन्हा गुणाजींकडे पाहिलं. अनुपमाने मात्र नलिनीकडे पाहिलं. नलिनी तिचीच वाट बघत होती.

"माझा चुकला," नलिनी म्हणाली. "तुझ्यार इलंय मी."

"चुकलं, ठीक आहे. पण पहिल्या झटक्याला माझ्यावरच का आलात, आत्या? घरात चार माणसं आहेत."

सबब सांगायची नलिनीला सवय नव्हती आणि खरं सांगायची लाज वाटत होती. शेवटी तिनं खरंच सांगितलं. "सोपा होता म्हणान."

अनुपमाने मान हलवली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. पण टेबलावरून फॉर्म आणि पेन तिनंच उचललं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात, खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं.

"बाबा, लिहा."

"मी?" गुणाजींनी प्रांजलकडे बोट दाखवलं. "चेडवाक सांगा. तिका बरा लिवक येता. मी सही करतंय."

"तुमच्या हातानं," अनुपमा म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिनं सासऱ्याला हुकूम म्हणून दिलेली ही पहिलीच गोष्ट. "माझ्यावर घातलंत ते तोंडानं घातलंत. हे हातानं लिहा."

"सुयोग, तुझी बायल काय बोलता बघ."

सुयोगने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "लिहा, बाबा," तो म्हणाला.

गुणाजींनी चष्मा घातला. प्रांजलने रकाने दाखवले. देणाऱ्याच्या नावापुढे छापलेलं 'गुणाजी घाडी' त्यांनी स्वतःच खोडलं, आणि वर जागा करून 'नलिनी' लिहिलं. मग पेन अडलं. तिचं सासरचं आडनाव त्यांना पटकन आठवेना. चाळीस वर्षं ती त्यांच्याच शेतात राबली होती.

"नुसता नलिनी लिव," ती म्हणाली. "पुरे."

पुढचा रकाना कारणाचा. गिरणीत हजेरीच्या वहीत सही करायची सवय असलेला हात, अक्षर मोठं आणि वाकडं. त्यांनी लिहिलं: 'बी आम्ही खाल्लं.'

प्रांजलने मोठ्यानं वाचलं.

"आमी कोण?" नलिनीने विचारलं. "माका तू सांगलंस काय, की ह्या बी हा? ह्या पोरीक सांगलंस?"

गुणाजींनी 'आम्ही' खोडलं. वर 'मी' लिहिलं. प्रांजलने फॉर्म घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी कागद सोडला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रकाना नीट दिसत नव्हता. कुणी त्यांना पाणी दिलं नाही, कुणी 'असू दे' म्हटलं नाही. मग ते पुन्हा वाकले आणि कुणी न सांगता, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं, आणखी दोन शब्द लिहिले.

भूक नव्हती.